होल्स्टरमधलं पिस्तूल ‘आपोआप’ उडतं का?

पत्राचा सारांश: ‘माझं पिस्तूल स्ट्रायकरवर चालणारं आहे, बाहेरून हाताने लावायची सेफ्टी नाही. खाली लाईट बसवलेला आहे. कडक प्लास्टिकच्या होल्स्टरमध्ये, पोटासमोर, पँटच्या आतल्या बाजूने बाळगतो. चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या, गोळी बसायच्या कप्प्यात) गोळी भरलेली असते. मागच्या आठवड्यात गाडीतून उतरताना एका सहकाऱ्याच्या होल्स्टरमध्येच बार उडाला आणि गोळी मांडीला चाटून गेली. हात पिस्तुलाजवळही नव्हता असं तो शपथेवर सांगतो. तेव्हापासून माझी झोप उडाली आहे. पिस्तूल खरंच आपोआप उडू शकतं का? चेंबर रिकामं ठेवू का? सेफ्टी असलेलं दुसरं घेऊ का? आणि सहकाऱ्याने आता काय करावं?’

नमस्कार,

तुमचा सहकारी खरं बोलतोय असं मी धरून चालतो. पण हात पिस्तुलाजवळ नव्हता म्हणजे ट्रिगर दाबला गेलाच नाही, असं होत नाही. ट्रिगरला बोट आणि बॅगेचा बंद यातला फरक कळत नाही. बहुतेक पिस्तुलांना सुमारे अडीच ते तीन किलो जोर आणि सेंटीमीटरभर प्रवास लागतो, आणि ही दोन्ही कामं सीटबेल्टचं बक्कल, जाकिटाच्या नाडीचा टॉगल (नाडी घट्ट करायचं बटण), शर्टाचं टोक किंवा किल्ल्यांचा जुडगा बिनबोभाट करू शकतो. अर्थात उलटंही खरं आहे. झिजलेल्या, घाणीने भरलेल्या, कुणी छेडछाड केलेल्या किंवा मुळात रचनेतच उणीव असलेल्या पिस्तुलातून ट्रिगर न दाबता बार होऊ शकतो. सहकाऱ्याच्या बाबतीत यातलं काय घडलं हे तुम्ही, मी किंवा तो स्वतः अंदाजाने ठरवू शकत नाही. मात्र तुमच्या पिस्तुलात यातलं काही घडू नये यासाठी काय तपासायचं ते सांगता येतं.

आधी आत काय असतं ते बघू, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. जुन्या धाटणीच्या पिस्तुलाला मागे घोडा, म्हणजे हॅमर, दिसतो. तो चढलेला आहे की उतरलेला हे डोळ्यांना कळतं, आणि होल्स्टरमध्ये घालताना त्यावर अंगठा ठेवला तर तो हलू लागल्याचं हातालाही कळतं. स्ट्रायकरच्या पिस्तुलात हे सगळं स्लाइडच्या, म्हणजे वरच्या मागेपुढे सरकणाऱ्या भागाच्या, पोटात गेलेलं असतं. स्ट्रायकर म्हणजे स्प्रिंगवर ताणलेली जाडसर पिन. तिच्या मागच्या टोकाला खाली एक पाय असतो. या पायाला सिअर नावाचा खटका, किंवा काही रचनांमध्ये ट्रिगर बारचं (ट्रिगरला जोडलेल्या पट्टीचं) टोक, अडवून धरतं. ट्रिगर ओढला की अडवणारा तुकडा खाली सरकतो, पिन पुढे झेपावते, प्रायमरवर (काडतुसाच्या बुडातल्या, ठिणगी पाडणाऱ्या टोपीवर) आदळते, बार होतो.

आता इथे दोन घराणी आहेत. पहिल्यात स्ट्रायकर अर्धवट ताणलेला राहतो. ट्रिगर ओढताना तो आणखी मागे ताणला जातो आणि मग सुटतो. १९८२ मध्ये ऑस्ट्रियाच्या सैन्याने स्वीकारलेलं ग्लॉक १७ या घराण्यातलं. दुसऱ्या घराण्यात स्लाइड मागे ओढून सोडली की स्ट्रायकर पूर्ण, किंवा जवळजवळ पूर्ण, ताणलेल्या अवस्थेत थांबतो. ट्रिगरला फक्त सिअर बाजूला करायचा असतो, त्यामुळे ट्रिगर हाताला छान लागतो. सिग सॉअर पी३२० हे या घराण्यातलं सर्वांत चर्चेत असलेलं नाव. पहिल्या घराण्यात सिअर चुकून सुटला तरी स्प्रिंगमध्ये पूर्ण ताकद नसते. दुसऱ्यात ती असते, म्हणून तिथे सिअर सुटला तर प्रायमर आणि पिन यांच्यामध्ये उभी असते ती फक्त स्ट्रायकर सेफ्टी. दुसरं घराणं वाईट आहे असं मी म्हणत नाही. त्या घरातल्या माणसाने ती सेफ्टी जास्त मनावर घ्यायची, इतकंच.

ही स्ट्रायकर सेफ्टी म्हणजे स्लाइडमध्ये बसवलेला एक छोटा प्लंजर (स्प्रिंगवरचं बटण), काही रचनांमध्ये छोटी लिव्हर. एरवी ती पिनेची वाट अडवते. ट्रिगर बराचसा मागे आला की ट्रिगर बारचा उंचवटा तिला वर ढकलतो आणि वाट मोकळी होते. म्हणजे ट्रिगर न ओढता सिअर सुटला तरी पिन मध्येच अडायला हवी. हा ‘हवी’ महत्त्वाचा आहे. प्लंजर तेलाच्या चिकट्याने वरच्या वर अडकून बसला, तर पिस्तूल अगदी नेहमीसारखं चालतं. नेम बसतो, गोळ्या सुटतात, तक्रार करायला काही नसतं. एक सेफ्टी कायमची बंद पडलेली असते आणि मालकाला त्याचा पत्ता नसतो. या पिस्तुलांमधला सर्वांत दगाबाज बिघाड मी यालाच म्हणेन.

ट्रिगरच्या मधोमध असलेल्या पात्याबद्दलही लोकांचा गैरसमज असतो. ते पातं दाबल्याशिवाय ट्रिगर मागे जात नाही. कडेला काही घासलं, किंवा पिस्तूल आपटून ट्रिगर स्वतःच्याच वजनाने मागे जाऊ लागला, तर ते थांबवतं. पण गार्डमध्ये, म्हणजे ट्रिगरभोवतीच्या कड्यात, शिरलेली वस्तू समोरून दाबत असेल तर ती ट्रिगरबरोबर पात्यालाही दाबते. पातं बोटासाठी आहे आणि टॉगल बोटासारखाच वागतो.

स्ट्रायकरच्या पिस्तुलांबद्दलची भीती कुठून आली तेही सांगतो, कारण इंटरनेटवर त्याचे दोन टोकाचे अर्थ लावले जातात. पी३२० बाजारात आलं २०१४ मध्ये. जानेवारी २०१७ मध्ये अमेरिकी सैन्याने त्याचंच रूप एम१७ आणि एम१८ या नावांनी निवडलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये असं दिसून आलं, की नागरी बाजारातलं पिस्तूल ठरावीक कोनात, स्लाइडच्या मागच्या बाजूवर पडलं तर गोळी सुटू शकते. कारण साधं होतं. पिस्तूल जमिनीवर थांबतं, पण जड ट्रिगर थांबत नाही. तो आपल्याच वजनाने पुढचा प्रवास पूर्ण करतो, म्हणजे जणू कुणी ओढल्यासारखा मागे जातो. त्या पिस्तुलाच्या ट्रिगरला मधलं पातंही नव्हतं. कंपनीने फुकट सुधारणा देऊ केली: हलका ट्रिगर, हलके सिअर आणि स्ट्रायकर, शिवाय वेगळा डिस्कनेक्टर (स्लाइड पूर्ण बंद नसताना बार होऊ न देणारा भाग). यातला धडा असा, की पिस्तूल तोवरच्या प्रमाणित चाचण्यांतून पास झालं होतं. चाचणीत ज्या कोनात पाडत नाहीत त्या कोनात ते घसरलं. चाचणी पास म्हणजे सगळे कोन पास नव्हे.

त्यानंतर होल्स्टरमध्ये बार उडाल्याच्या तक्रारी आल्या, खटले झाले. काही कंपनीच्या बाजूने लागले, काही विरोधात, दोनेक खटल्यांत ज्युरीने मोठी भरपाईही दिली. ट्रिगर दाबल्याशिवाय हे पिस्तूल उडत नाही, ही कंपनीची भूमिका कायम आहे. २० जुलै २०२५ ला अमेरिकेच्या वायोमिंगमधल्या एफ. ई. वॉरेन हवाई तळावर एका हवाई सैनिकाचा एम१८ च्या गोळीने मृत्यू झाला. पिस्तूल आपोआप उडालं, असं आधी सांगितलं गेलं आणि तो तळ ज्याच्याकडे आहे त्या हवाई दलाच्या विभागाने एम१८ चा वापर थांबवला. पुढे तपासात दुसऱ्या एका हवाई सैनिकाला खोटी जबानी आणि मनुष्यवधाच्या आरोपाखाली अटक झाली, आणि ऑगस्टअखेर पिस्तुलं पुन्हा वापरात आली. गोष्ट इथेच संपवणारे ‘बघा, पिस्तूल निर्दोष’ म्हणून मोकळे होतात. पण त्याच निमित्ताने विभागाने आपली एम१८ उघडून तपासली, तेव्हा काहींमध्ये सुट्या भागांची झीज सापडलीच आणि ती दुरुस्तीला काढली गेली. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या. तुमचं पिस्तूल पी३२० असेल, तर आधी सीरियल नंबर कंपनीला कळवून सुधारणा झालेली आहे का ते विचारून घ्या. सेकंडहँड घेतलं असेल तर हे आजच करा.

आता तुमच्या मांडणीकडे वळू. स्ट्रायकरचं पिस्तूल, हाताची सेफ्टी नाही, चेंबर भरलेलं. अशा वेळी होल्स्टरला नुसती पिशवी समजू नका. पिस्तुलात सेफ्टी नसल्याने जो एक भाग कमी आहे, ती जागा होल्स्टर भरून काढतं. ते पिस्तुलाचा सुटा भाग आहे असं धरूनच त्याची निवड आणि तपासणी करायला हवी. माझ्या मते तुमच्या बाबतीत पहिला संशयित तोच आहे, आणि त्याचं कारण तुमचा लाईट.

लाईट बहुधा पिस्तुलापेक्षा रुंद असतो. लाईटसकट पिस्तूल आत-बाहेर व्हायचं तर होल्स्टरचं तोंड लाईटच्या रुंदीचं ठेवावं लागतं. मग ट्रिगर गार्डच्या दोन्ही अंगांना फट राहते, कारण गार्ड लाईटपेक्षा अरुंद असतो. अशा होल्स्टरची पकडही बहुतेक लाईटवर असते, गार्डवर नसते. चांगले कारागीर गार्डच्या बाजूला प्लास्टिक आत वळवून ही फट कमी करतात, स्वस्त मालात ती तशीच सोडतात. आणि लाईटसाठी बनवलेल्या होल्स्टरमध्ये लाईट काढून पिस्तूल ठेवलं, तर करंगळी सहज ट्रिगरपर्यंत पोचेल एवढी मोकळी जागा तयार होते. हे कधीही करू नका, पाच मिनिटांसाठीसुद्धा.

फट तपासायची रीत अशी. खोलीतली सगळी काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा. आधी मॅगझिन (मुठीतलं गोळ्यांचं खोकं) काढा, मग स्लाइड तीनदा मागे ओढा, शेवटी अडवून ठेवा आणि चेंबरमध्ये नुसतं बघू नका, करंगळी घालून चाचपा. क्रम उलटा झाला, म्हणजे आधी स्लाइड आणि मग मॅगझिन, तर स्लाइड पुढे जाताना नवी गोळी चेंबरमध्ये बसते आणि तुम्ही भरलेल्या पिस्तुलाला रिकामं समजून पुढे जाता. रिकाम्या पिस्तुलाची स्लाइड एकदा ओढून सोडा म्हणजे स्ट्रायकर ताणलेला राहील, आणि ते होल्स्टरमध्ये घाला. होल्स्टर अंगावर नको, टेबलावर हवं. वरून टॉर्च मारून गार्डच्या बाजूने आत बघा. मग साधी, टोक न काढलेली पेन्सिल त्या फटीतून आत सरकवून पाहा. पेन्सिल सुमारे ७ मिलिमीटर जाड असते, म्हणजे जाकिटाच्या नाडीचा टॉगल किंवा दुमडलेलं कापड त्याच्या आसपासच येतं. पेन्सिल ट्रिगरच्या पुढच्या बाजूला टेकली, तर ते होल्स्टर बाद. घासून, रबर चिकटवून, टेप लावून ते वाचवायच्या भानगडीत पडू नका.

पेन्सिलीत पास झालं तर दुसरी परीक्षा. पिस्तूल अजून रिकामंच आहे, स्ट्रायकर ताणलेला आहे. आता होल्स्टर पट्ट्याला लावा आणि दिवसभर जे करता ते करा: खुर्चीत बसा, पुढे वाका, बुटाची नाडी बांधा, गाडीत बसून सीटबेल्ट लावा-काढा, मूठ हाताने चारी दिशांना पिळा, होल्स्टर उलटं धरून जोरात हलवा. मग पिस्तूल बाहेर काढा, सुरक्षित दिशेला धरा आणि ट्रिगर ओढा. ‘टक्’ असा आवाज आला पाहिजे. आवाज आला म्हणजे स्ट्रायकर इतका वेळ जागेवर होता. ट्रिगर आधीच मागे पडलेला असेल, किंवा ओढल्यावर काहीच झालं नाही, तर होल्स्टरमध्ये असताना कशाने तरी तो सोडवला. ते काय होतं हे सापडेपर्यंत त्या जोडीत गोळी भरायची नाही. ही परीक्षा दहाएक वेळा करा. एकदाच नापास होणं म्हणजे नापासच.

प्लास्टिकच्या होल्स्टरचं सर्वांत नाजूक अंग म्हणजे त्याचे स्क्रू. चालताना-बसताना ते सैल होतात. एखादा स्क्रू ढिला झाला की क्लिप तिरकी होते, होल्स्टर पँटमध्ये वळतं, आणि काढताना होल्स्टरसकट पिस्तूल हातात येतं. स्क्रू काढा, पुसून कोरडे करा, मध्यम ताकदीचं, निळं थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ न देणारा डिंक) एक थेंब लावा आणि पिस्तूल न घालता रात्रभर वाळू द्या. डोक्यापासून प्लास्टिकपर्यंत मार्करने एक रेघ ओढून ठेवा. रेघ तुटली की स्क्रू फिरला. बदली स्क्रू घेताना लांबी मूळ स्क्रूइतकीच ठेवा. लांब स्क्रूचं टोक आत येऊन गार्डला लागू शकतं. क्लिपजवळच्या वळणावर केसासारखी भेग पडली आहे का ते नखाने तपासा. उन्हात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर होल्स्टर ठेवू नका, वाकतं. चामड्याचं वापरत असाल तर तोंडाची कड पाहा. घामाने आणि वापराने ती मऊ पडून आत दुमडू लागली, की पिस्तूल ढकलताना तीच कड गार्डमध्ये शिरते आणि बोटाचं काम करते. आणि ‘सगळ्या मॉडेलना चालणारं’ कापडी होल्स्टर म्हणजे मुळात कोणत्याच मॉडेलचं नसलेलं होल्स्टर.

होल्स्टरमधले बरेच बार उडतात तो क्षण म्हणजे पिस्तूल परत होल्स्टरमध्ये घालण्याचा. तो जवळून बघा. तुम्ही पिस्तूल खाली ढकलता. जाकिटाचा टॉगल गार्डमध्ये गेलाय, पण दिसत नाही, कारण शर्ट मध्ये आहे. पिस्तूल खाली जातं, टॉगल नाडीला बांधलेला असल्याने जागेवरच राहतो. म्हणजे ट्रिगरच्या नजरेने पाहिलं तर टॉगल त्याला मागे ओढतोय. तुम्हाला हाताला ‘काहीतरी अडतंय’ एवढंच जाणवतं आणि सवयीने तुम्ही थोडं जास्त ढकलता. तेवढंच पुरतं. म्हणून अडलं की थांबायचं, वर काढायचं, बघायचं. जोर लावून होल्स्टरमध्ये घालण्यासारखं काहीही जगात नाही. घालण्याची घाईही नको, ती फक्त काढताना कामाची.

घालताना ट्रिगरचं बोट स्लाइडच्या कडेला सरळ ताठ, दुसऱ्या हाताने कपडा पूर्ण वर ओढून छातीशी धरलेला, नजर होल्स्टरच्या तोंडावर. नजर न खाली नेता घालण्याचा सराव सिनेमातल्या लोकांसाठी सोडा. अंगठा स्लाइडच्या मागे ठेवलात तर स्लाइड मागे सरकत नाही एवढाच फायदा. स्ट्रायकरच्या पिस्तुलात तो अंगठा ट्रिगर रोखत नाही. घोड्याच्या पिस्तुलाची ती सवय इकडे खोटा धीर देते. काही मॉडेलना स्लाइडच्या मागच्या पट्टीच्या जागी हलणारी पट्टी बसवता येते, ती अंगठ्याने दाबली की ट्रिगर मागे जात नाही. तुमच्या मॉडेलसाठी मिळत असेल तर घ्या, वापरण्यासारखी आहे.

पोटासमोर बाळगणाऱ्यांसाठी याहून चांगला उपाय म्हणजे अंगावर असलेल्या होल्स्टरमध्ये भरलेलं पिस्तूल घालायचंच नाही. होल्स्टर पट्ट्यातून काढा, सुरक्षित दिशेला धरून हातात असतानाच पिस्तूल त्यात बसवा, ‘टक’ असा बसल्याचा आवाज ऐका आणि मग दोन्ही मिळून पँटमध्ये घाला. त्या क्षणी नळीसमोर तुमचं शरीर नसतं. कारण या जागी चूक झाली तर गोळी मांडीतल्या मोठ्या धमनीच्या रस्त्याने जाते, मग प्रश्न तक्रारीचा राहत नाही. रक्तस्राव थांबवायची दाबपट्टी आणि टूर्निके (हातपाय आवळून रक्त थांबवणारा पट्टा) जवळ ठेवा, आणि ती एका हाताने लावण्याचा सराव करा.

संडासात जाताना पिस्तूल होल्स्टरबाहेर काढू नका. होल्स्टरसकट पट्ट्यातून काढा किंवा आहे तिथेच राहू द्या. टाकीवर, कडीवर, गुडघ्यावर ठेवलेलं पिस्तूल पडतं, आणि पडलं तर झेलायला जाऊ नका. हे मन मारूनच शिकावं लागतं, कारण हात आपोआप पुढे जातो. चांगल्या स्थितीतलं पिस्तूल पडलं तर उडण्याची शक्यता कमीच असते. ते झेलताना बोट बरोबर गार्डमध्ये जाण्याची शक्यता मात्र खूप असते.

पिस्तुलाच्या पोटाकडे येऊ. दर वेळी साफ करताना स्लाइड वेगळी काढल्यावर दोन चाचण्या करा. पहिली: स्ट्रायकरचा मागचा पाय बोटाने थोडा मागे ओढा, हळू पुढे सोडा आणि मग पुढे जोराने ढकला. प्लंजर न दाबता पिनेचं टोक पुढच्या सपाट भागातून बाहेर येता कामा नये. बाहेर आलं तर स्ट्रायकर सेफ्टी मेली. दुसरी: प्लंजर दाबून धरा आणि स्लाइड कानाजवळ पुढेमागे हलवा. पिन आत मोकळी खडखडली पाहिजे. खडखडत नसेल तर आत घाण साचलीय किंवा पिन पुढे अडकलीय, आणि पुढे अडकलेल्या पिनेने स्लाइड बंद होतानाच बार होऊ शकतो. प्लंजर दाबून सोडला की लगेच चटकन वर उडी मारतो का तेही बघा. सुस्त असेल तर त्याची स्प्रिंग बदला. वेगळ्या रचनेच्या पिस्तुलासाठी कंपनीच्या पुस्तिकेतली रीत पाळा, माझी नव्हे.

स्ट्रायकरचा बोगदा कोरडा ठेवायचा. तिथे तेल नको. तेलात पितळेची भुकटी आणि न जळालेली दारू मिसळली की काळी लापशी होते आणि तीच प्लंजर धरून ठेवते. सफाईचा फवारा स्लाइडच्या मागून मारणारे हात मला फार दिसतात, त्यांना सांगायला हवं.

आणि ट्रिगर हलका करून घेतला असेल तर? मूळ भाग परत बसवा. सिअर आणि स्ट्रायकरचा पाय यांची पकड अगदी थोड्या जागेची, मिलिमीटरभरातली असते. घासून-चकाकवून कड गोल केली, हलकी स्प्रिंग टाकली, ट्रिगरचा आधीचा प्रवास कमी केला, की ही पकड आणखी घटते आणि सेफ्टीचा प्लंजर नको तितका लवकर उचलला जातो. पैसे देऊन सुरक्षा काढून घेण्याचा हा प्रकार मैदानावर नेमबाजीसाठी एकवेळ ठीक आहे, कमरेला नको.

आता तुमचे प्रश्न. चेंबर रिकामं ठेवलं तर होल्स्टरमध्ये बार होणार नाही हे गणित अचूक आहे. पण दोन गोष्टी मोजा. काढताना स्लाइड ओढायला दुसरा हात मोकळा हवा, आणि तो गाडीत किंवा कुणाला आवरताना मोकळा असेलच असं नाही. दुसरं, रोज सकाळी भरायचं आणि रात्री उतरवायचं म्हटलं की हाताळणी वाढते, आणि अपघात हाताळणीत होतात. एकच गोळी परतपरत चेंबरमध्ये गेली तर बुलेट पुंगळीत (काडतुसाच्या पितळी नळीत) आत सरकते आणि बारात दाब वाढतो, म्हणून त्या गोळ्या आलटून-पालटून वापरा. माझं मत असं: वरच्या सगळ्या परीक्षा होईपर्यंत, आणि होल्स्टर बदलेपर्यंत, चेंबर रिकामं ठेवा. पास झाल्यावर भरायचं की नाही हे तुमच्या कामाला साजेसं ठरवा. भरलं तर रात्री उतरवण्यापेक्षा होल्स्टरसकट कुलुपात ठेवणं मी पसंत करीन.

हाताच्या सेफ्टीचं पिस्तूल घ्यायचं असेल तर ती काय अडवते हे विचारून घ्या. बहुतेक स्ट्रायकरच्या पिस्तुलांत ती ट्रिगर किंवा ट्रिगर बार अडवते; स्ट्रायकरला हात लावत नाही. म्हणजे टॉगलपासून वाचवेल, झिजलेल्या सिअरपासून नाही. टॉगलचीच शक्यता जास्त असल्याने तिचा उपयोग आहे, फक्त काढताना अंगठा दर वेळी खाली जाईल एवढा सराव करा, नाहीतर गरजेच्या क्षणी पिस्तूल मुकं राहील. घोड्याचं, पहिला ट्रिगर लांब आणि जड असलेलं पिस्तूलही पर्याय आहे. पहिल्या ओढीला साडेचार किलोच्या आसपास जोर लागतो आणि घोड्यावर अंगठा ठेवता येतो. निव्वळ भीतीपोटी बदलू नका. पिस्तुलाच्या चाचण्या नापास झाल्या आणि आर्मररने (शस्त्रं दुरुस्त करणाऱ्याने) हात वर केले, तर बदला.

सहकाऱ्याला सांगा: पिस्तूल उघडू नका, पुसू नका, ‘बघू तरी’ म्हणून ट्रिगर ओढू नका. आतलं मॅगझिन आणि चेंबर मोकळं करणं गरजेचं असेल, तर आधी फोटो काढा: स्लाइड पूर्ण बंद होती का, पुंगळी चेंबरमध्येच राहिली होती का अर्धवट अडकली होती, मॅगझिनमध्ये किती गोळ्या उरल्या. होल्स्टरमध्ये कोंडलेल्या पिस्तुलाची स्लाइड नीट चालत नाही, त्यामुळे पुंगळी कुठे होती यावरून बराच उलगडा होतो. पुंगळीच्या प्रायमरवर पिनेचा पूर्ण खोल, मध्यभागी खड्डा असेल, तर बार होताना स्ट्रायकर सेफ्टी वाट मोकळी करून बसली होती एवढं कळतं. ती मोकळी कुणी केली, ट्रिगर दाबणाऱ्या वस्तूने की बिघाडाने, हे त्या खड्ड्यात लिहिलेलं नसतं. म्हणून होल्स्टर, पट्टा, ती पँट आणि जाकीट, खिशात जे काही होतं ते, आणि पुंगळी वेगवेगळ्या कागदी पाकिटांत घालून वर तारीख-वेळ लिहून ठेवा. पँट धुवायला टाकली असेल तर मशीन सुरू व्हायच्या आधी बाहेर काढा.